विश्लेषण : हॉरर चित्रपटातील मुखवट्याची भीती कशी घडली? ‘हजार चेहऱ्यांच्या’ लॉन चॅनीची गोष्ट

हॉरर चित्रपटातील खलनायक आठवला, की त्याचे संवाद क्वचितच आठवतात. डोळ्यांसमोर येतो तो मुखवटा, झगा, दात, चालण्याची ढब. १९७८ च्या ‘हॅलोविन’मधील मायकल मायर्सचा पांढरा, निर्विकार मुखवटा हे त्याचे ठळक उदाहरण. मात्र या परंपरेचा पाया मूकपटांच्या काळात घातला गेला आणि त्यात मोठा वाटा होता अमेरिकी अभिनेता लॉन चॅनीचा. स्वतःचा मेकअप स्वतः करणाऱ्या चॅनीला ‘हजार चेहऱ्यांचा माणूस’ म्हटले जाई. अवघ्या ४७ व्या वर्षी गेलेल्या या नटाने नेमके काय केले?

अभिनयाचे पहिले धडे कुठे मिळाले?

चॅनीचा जन्म १ एप्रिल १८८३ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्स येथे झाला. आई-वडील दोघेही कर्णबधिर होते. वडील केशकर्तनाचा व्यवसाय करत, तर आईच्या वडिलांनी राज्यात कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू केली होती. चॅनीला ऐकू येत असे, पण घरातली भाषा खुणांची. तो लहान असतानाच आई संधिवाताने अंथरुणाला खिळली. तिच्यासाठी तो घरी थांबला आणि बाहेर काय घडले, कोण कसे चालत होते, कोण कोणावर चिडले, हे तिला नकला करून दाखवू लागला. समोरच्या प्रेक्षकाला ऐकूच येत नसल्याने सारे काही भुवया, खांदे आणि हातांनीच सांगावे लागे. मूकपटात त्याला पुढे हेच उपयोगी पडले.

नाटक सोडून सिनेमात का आला?

१९०२ पासून चॅनी फिरत्या नाटक कंपन्यांमध्ये काम करू लागला. गायिका क्लीव्हा क्रेटन हिच्याशी त्याचे लग्न झाले आणि १९०६ मध्ये मुलगा क्रेटन जन्माला आला. संसारात मात्र खटके उडत गेले. एप्रिल १९१३ मध्ये लॉस एंजेलिसमधील ज्या नाट्यगृहात चॅनी काम करत होता, तिथेच क्लीव्हाने आत्महत्येचा प्रयत्न केला. ती वाचली, पण तिचा गाता गळा कायमचा गेला. या प्रकरणाचा मोठा गवगवा झाला, घटस्फोट झाला आणि चॅनीला रंगभूमीवर काम मिळणे अवघड झाले. म्हणून तो सिनेमाकडे वळला.

युनिव्हर्सल स्टुडिओत सुरुवातीला किरकोळ भूमिकाच होत्या. पण म्हातारा, चाचा, गुंड असे कोणतेही सोंग चॅनी स्वतःच्या मेकअपच्या पेटीतून काढू शकत असे. १९१९ च्या ‘द मिरॅकल मॅन’मध्ये त्याने अपंगत्वाचे सोंग घेणाऱ्या भामट्याची भूमिका केली आणि तो प्रकाशात आला.

शरीराचाच पोशाख कसा केला?

१९२० च्या ‘द पेनल्टी’मध्ये त्याला दोन्ही पाय नसलेल्या टोळीप्रमुखाचे काम मिळाले. चॅनीने गुडघ्यांतून पाय मागे दुमडून पट्ट्यांनी बांधले, गुडघे चामड्याच्या खोळींत घातले आणि बांधलेले पाय झाकण्यासाठी लांब कोट घातला. रक्तप्रवाह अडत असल्याने हे पट्टे थोड्या थोड्या वेळाने सोडावे लागत.

१९२३ च्या ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’मधील घंटावादक क्वासिमोडोसाठी त्याने पाठीवर कुबड बांधले, एक डोळा बुजवला, खोटे दात लावले. तयार रबरी मुखवट्यांची सोय तेव्हा नव्हती. हाताशी होते ते कापूस, मेकअपचा डिंक, पुट्टी आणि कोलोडियन, म्हणजे त्वचेवर वाळून पापुद्रा धरणारे द्रव. त्यात त्या काळच्या अनेक फिल्मवर लाल रंग काळपट उमटे. त्यामुळे आरशात दिसणारा चेहरा आणि पडद्यावर येणारा चेहरा यांतला फरक नटाला आधीच ओळखावा लागे.

‘फँटम’चा चेहरा इतका का गाजला?

१९२५ चा ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ हा चॅनीच्या कामाचा कळस. पॅरिसच्या ऑपेरागृहाखालील तळघरांत राहणारा, चेहरा लपवणारा एरिक एका तरुण गायिकेच्या प्रेमात पडतो, अशी ही कथा. इथे भीती तीन टप्प्यांत येते.

पहिला टप्पा मुखवट्याचा. एरिकचा मुखवटा भेसूर नाही, उलट तो गुळगुळीत आणि भावशून्य आहे. समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे आपण चेहऱ्यावरून ताडतो. तो आधारच काढून घेतला की साधी हालचालही धमकी वाटू लागते.

दुसरा टप्पा मुखवटा उतरण्याचा. एरिक ऑर्गन वाजवत असताना नायिका मागून येऊन मुखवटा ओढते. त्याचे तोंड कॅमेऱ्याकडे असल्याने तो चेहरा प्रेक्षकांना आधी दिसतो, तिला नंतर. तिला काय दिसणार हे माहीत असूनही आपण काही करू शकत नाही. कवटीसारख्या या चेहऱ्यासाठी चॅनीने नाकाचा शेंडा वर ओढून धरला, गालांची हाडे वर आणली, डोळ्यांभोवती गडद छटा दिल्या. प्रदर्शनापूर्वी या चेहऱ्याची छायाचित्रे बाहेर जाऊ नयेत, याची स्टुडिओने काळजी घेतली होती.

तिसरा टप्पा पोशाखाचा. मुखवट्यांच्या मेजवानीत एरिक कवटीचा मुखवटा आणि लाल झगा घालून जिना उतरतो. कृष्णधवल चित्रपटात हा प्रसंग टेक्निकलरमध्ये चित्रित झाला होता. सगळेच सोंग घेऊन आलेल्या गर्दीत खरा धोका उघडपणे फिरतो, पण कुणी त्याला ओळखत नाही.

खलनायकाची कणव का येते?

चॅनीची बहुतेक पात्रे दुखावलेली आहेत. ‘द पेनल्टी’तील गुंडाचे पाय लहानपणी डॉक्टरच्या चुकीने कापले गेलेले असतात. एरिकला प्रेम हवे असते. चॅनीच्या मेकअपमध्ये डोळे आणि हात बोलायला मोकळे राहत. म्हणून प्रेक्षक आधी दचकतो आणि मग त्याला त्या माणसाचे वाईटही वाटते. नंतरच्या अनेक चित्रपटांनी मुखवटा उचलला, पण त्यामागचा माणूस विसरला.

हरवलेला सिनेमा, उरलेला चेहरा

१९२७ च्या ‘लंडन आफ्टर मिडनाइट’मध्ये उंच हॅट, टोकदार दात आणि वटारलेले डोळे असा चॅनीचा अवतार होता. या चित्रपटाची शेवटची ज्ञात प्रत १९६५ मध्ये एमजीएमच्या गोदामातील आगीत जळाली. उरली ती छायाचित्रे, तरीही हा चेहरा आजही ओळखला जातो. चॅनीच्या कामाला मान्यताही मिळाली. १९२९ च्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकासाठी मेकअपवरील लेखन त्याने केले.

शेवट कसा झाला?

बोलपट आल्यावर चॅनीने ‘द अनहोली थ्री’ (१९३०) हा एकच बोलपट केला आणि त्यात पाच वेगवेगळे आवाज काढले. पण त्याला कर्करोगाने गाठले होते. घशातील रक्तस्रावामुळे अखेरच्या दिवसांत वाचा गेली आणि आईसाठी शिकलेल्या खुणांनीच तो बोलू लागला. २६ ऑगस्ट १९३० रोजी त्याचे निधन झाले.

मुलाने अभिनेता होऊ नये, अशी चॅनीची इच्छा होती. वडिलांच्या मृत्यूनंतर क्रेटन सिनेमात आला, पुढे त्याने लॉन चॅनी ज्युनिअर हे नाव घेतले आणि १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’ने तो प्रसिद्ध झाला. मात्र त्याचा लांडग्याचा चेहरा मेकअपकार जॅक पिअर्सने घडवला होता. वडिलांची मेकअपची पेटी आज लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या संग्रहात आहे.