सोळा वर्षांचा पेशवा

आमचे घर सेक्टर 32 मध्ये. सुट्टीत पुण्याला जाताना पानिपत स्टेशन लागते आणि बाबा न चुकता 14 जानेवारी 1761 ची आठवण काढतात. त्या पराभवानंतर पुढे काय झाले, हे मी एकदा विचारले. तेव्हा त्यांनी मला माधवराव पेशव्यांचे चरित्र वाचायला दिले.

पानिपतावर माधवरावांचे थोरले बंधू विश्वासराव आणि काका सदाशिवरावभाऊ पडले. जूनमध्ये वडील नानासाहेबही गेले. माधवराव पेशवे झाले तेव्हा सोळा वर्षांचे होते, म्हणजे आज माझ्याच वयाचे! राज्यावर कर्जाचा डोंगर आणि घरात सत्तेसाठी आसुसलेले काका राघोबादादा.

1762 मध्ये दादांनी निजामाची मदत घेऊन पुतण्यावरच चाल केली. आळेगावला माधवराव हरले. भांडण वाढले तर राज्यच बुडेल, हे ओळखून ते स्वतः काकांच्या छावणीत गेले. कारभार दादांच्या हाती आला.

पुढच्याच वर्षी निजामाने पुणे लुटून जाळले. 10 ऑगस्ट 1763 रोजी गोदाकाठी राक्षसभुवनला लढाई झाली. दादा शत्रूच्या गराड्यात सापडले. माधवराव धावून गेले, काकांना सोडवले आणि लढाई जिंकली.

इथे मी पुस्तक मिटले. गेल्या सत्रात सेक्शनचे नेतृत्व माझ्याऐवजी माझ्या मित्राला मिळाले होते. क्रॉसकंट्रीत त्याच्या पायात गोळा आला, तेव्हा मी मुद्दाम पुढे निघून गेलो. आमचा सेक्शन शेवटचा आला. त्या रात्री मी त्याची माफी मागितली.

माधवराव मऊ मात्र नव्हते. दादांनी पुन्हा बंड केले, तेव्हा 1768 मध्ये धोडपला त्यांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. हैदरअलीला नमवले, वेठबिगार बंद केली, रामशास्त्री प्रभुण्यांच्या न्यायाला बळ दिले. पानिपतानंतर दहाच वर्षांनी, 1771 मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या.

18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला क्षयाने त्यांचे निधन झाले. वय अवघे 27.

आता गाडी पानिपतला थांबली की मला पराभवाबरोबर तो सावरणारा मुलगाही आठवतो.