दासोपंतांची पासोडी

अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) लिहायला बसत तेव्हा रोज एका ढब्बू पैशाची शाई संपे, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या परंपरेने सव्वा लाख मानल्या जातात, ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९,०००. कागद पुरेना म्हणून की काय, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडी पासोडीही त्यांनी ओव्यांनी भरून काढली.

पण ज्ञानेश्वरी घरोघर पोचली आणि गीतार्णवाचा मोठा भाग शतकानुशतके हस्तलिखितातच राहिला. यशावरून माणूस जोखायचा, तर हा हिशेब पंतांच्या विरुद्ध जातो.

आपली किंमत कामाला मिळणाऱ्या दादेवर टांगली, की ती दादेबरोबर वर-खाली होते, असे मानसशास्त्र सांगते. मग एका टीकेने झोप उडते. कित्येकदा अपयशाच्या धास्तीने काम हातीच घेतले जात नाही. सव्वा लाख ओव्या अशा धास्तीतून होणे कठीण.

पंतांना दाद नकोशी होती, असे मात्र नव्हे. ते कोणी सांगावे? एवढे खरे, की काव्यात ते स्वतःला ‘दिगंबरानुचर’ म्हणवतात, म्हणजे दत्ताचा सेवक. लेखन चांगले उतरो वा फसो, सेवकपण तेवढेच राहते.

पासोडीचा विषयही पंचीकरण: पाच महाभूतांपासून देह कसा घडतो आणि त्या देहालाच ‘मी’ समजणे कुठे चुकते. ती पासोडी अंबाजोगाईत आजही जपून ठेवलेली आहे.