मनोरुग्णांना साध्या इस्पितळाचे दार उघडणारे गिरींद्रशेखर

कोलकात्याच्या बेलगाछिया भागातील कारमायकेल मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात 1 मे 1933 रोजी एक नवा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. ताप, खोकला, जखमा यांसाठी रोज रांगा लागणाऱ्या त्या इमारतीत आता मनाच्या दुखण्यासाठीही केसपेपर निघणार होता. भारतातील सर्वसाधारण रुग्णालयात असा विभाग उघडण्याची ही पहिली वेळ मानली जाते. तो उघडणारे डॉक्टर होते गिरींद्रशेखर बोस.

या घटनेचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळचा कायदा ध्यानात घ्यावा लागतो. 1912 च्या वेडेपणाविषयीच्या कायद्यानुसार मनोरुग्णाला दाखल करण्याची वाट बहुधा न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशातून जात असे. उपचार म्हणजे गावाबाहेरच्या उंच भिंतींआडचे वास्तव्य, आणि तेथे गेलेला माणूस परत येईलच याची शाश्वती घरच्यांनाही नसे. साहजिकच आजार हाताबाहेर जाईपर्यंत लपविण्याकडे कुटुंबांचा कल होता. बाह्यरुग्ण विभागात ना आदेश, ना भिंत. रुग्णाने सकाळी यावे, डॉक्टरांशी बोलावे आणि संध्याकाळी आपल्या घरी असावे. शेजाऱ्यांनी विचारलेच, तर इस्पितळात जाऊन आलो एवढेच सांगावे. आजार अंगावर काढण्याच्या टप्प्यातच रुग्ण डॉक्टरांच्या नजरेस पडावा, ही सोय त्यातून झाली.

गिरींद्रशेखर यांचा जन्म 30 जानेवारी 1887 चा. वडील चंद्रशेखर हे दरभंगा संस्थानचे दिवाण. 'परशुराम' या टोपणनावाने बंगाली विनोदी कथा लिहिणारे आणि बंगाली शब्दकोश सिद्ध करणारे राजशेखर हे त्यांचे थोरले बंधू. विद्यार्थिदशेपासून गिरींद्रशेखर यांना जादूचे प्रयोग आणि संमोहन यांचे वेड होते. 1910 मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन त्यांनी कोलकात्यात व्यवसाय मांडला. काही दुखण्यांचे मूळ शरीरात सापडत नाही, हे ध्यानी आल्यावर ते संमोहनाचा उपयोग करून पाहू लागले. कोलकाता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग नव्याने सुरू झाला तेव्हा चांगला चालणारा दवाखाना असतानाही ते तेथे विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. 1917 मध्ये त्यांनी एम.एस्सी. केले, 1921 मध्ये डॉक्टरेट मिळविली. दमन ही संकल्पना हा प्रबंधाचा विषय होता.

प्रबंधाचे पुस्तक त्यांनी व्हिएन्नाला सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे पाठविले. इतक्या दूरच्या देशात आपल्या शास्त्राचा असा अभ्यास होत असल्याचे फ्रॉइड यांना आश्चर्य वाटले आणि दोघांत पत्रव्यवहार सुरू झाला. तो 1937 पर्यंत टिकला, प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही. फ्रॉइड यांचे छायाचित्र पाहण्याआधीच बोस यांच्या चित्रकार मित्राने केवळ कल्पनेने त्यांचे चित्र काढले आणि ते व्हिएन्नाला रवाना झाले, ही हकीकत आजही रंगवून सांगितली जाते. 1922 मध्ये पारशीबागान गल्लीतील 14 क्रमांकाच्या आपल्या घरी बोस यांनी इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटीची स्थापना केली.

बोस हे फ्रॉइड यांचे भाबडे अनुयायी नव्हते. प्रत्येक इच्छेच्या पोटी तिची विरोधी इच्छा दडलेली असते, असा त्यांचा सिद्धांत होता. मारण्याच्या इच्छेमागे मार खाण्याची इच्छा असते. म्हणून उपचारात ते रुग्णाला आलटूनपालटून दोन्ही भूमिकांत कल्पनेने उभे करीत. फ्रॉइड यांना हे पुरते पटले नाही, तरी बोस यांनी आपले म्हणणे सोडले नाही. पुराणे आणि गीता यांचाही त्यांनी अभ्यास केला व त्यावर बंगालीत लिहिले. मुलांसाठी 'लाल कालो' हे पुस्तकही त्यांच्याच नावावर आहे.

मनोविश्लेषण ही मुळात वेळखाऊ आणि खर्चीक पद्धत. महिनोन्‌महिने चालणारा तो संवाद सुशिक्षित बंगाली वर्गाबाहेर फारसा पोचला नाही, ही त्यांच्या कार्याची मर्यादा मान्य करावीच लागेल. टिकाऊ ठरली ती सर्वसाधारण रुग्णालयातील बाह्यरुग्ण सेवेची कल्पना. 1938 मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांनी तसाच विभाग सुरू केला आणि स्वातंत्र्यानंतर मोठ्या रुग्णालयांतून मानसोपचार विभाग निघत गेले. 1912 चा कायदा मात्र 1987 चा नवा कायदा 1993 मध्ये अमलात येईपर्यंत चालूच होता. आणि 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने निरनिराळ्या मानसिक आजारांतील 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात, असे नोंदविले आहे. दार उघडे असले तरी तेथवर रुग्ण पोचणे अद्याप बाकी आहे.

बाह्यरुग्ण विभागात ज्यांचे भागत नसे, अशांसाठी जागा हवी होती. राजशेखर यांनी तिलजला येथील आपले घर व जमीन दिली आणि 1940 मध्ये तेथे मोजक्या खाटांचे 'लुंबिनी पार्क' रुग्णालय सुरू झाले. वेड्यांच्या इस्पितळाला बुद्धाच्या जन्मस्थानाचे नाव देण्यातील औचित्य कोणाच्याही लक्षात यावे. 1947 मध्ये सोसायटीने 'समीक्षा' हे नियतकालिक काढले.

3 जून 1953 रोजी गिरींद्रशेखर यांचे निधन झाले. त्याआधी पाच वर्षे कारमायकेल कॉलेजला डॉ. आर. जी. कर यांचे नाव देण्यात आले होते. 1931 मध्ये सोसायटीने पंचाहत्तरीनिमित्त फ्रॉइड यांना धाडलेली विष्णूची हस्तिदंती मूर्ती त्यांच्यासोबत व्हिएन्नाहून लंडनला गेली. ती आज तेथील फ्रॉइड संग्रहालयात आहे.