सर जोसेफ व्हिटवर्थ

ता. २ जुलै १८६० रोजीं लंडननजीकच्या विंबल्डनच्या माळावर मोठा जनसमुदाय लोटला होता. आदल्याच वर्षीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघाच्या पहिल्या सामन्यांस त्या दिवशीं आरंभ व्हावयाचा होता, व पहिली गोळी राणी व्हिक्टोरियानें झाडावी असें ठरलें होतें. एका भक्कम बैठकीवर बंदूक घट्ट बसविलेली होती आणि तिचा नेम आधींच जुळवून ठेवला होता. चापास बांधलेली दोरी राणीनें हलकेच ओढली, आणि ४०० वारांवरील निशाणाच्या मध्यबिंदूपासून दीड इंचाच्या आंत गोळी जाऊन लागली. ही बंदूक ज्यांच्या कारखान्यांत तयार झाली ते जोसेफ व्हिटवर्थ सैनिक नव्हते. यंत्रें बनविणारे कारागीर होते.

बंदुकीचा नेम जुळविणें म्हणजे काय, हें आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. नळीच्या तोंडाशीं असलेली माशी आणि मागील पट्टीची खांच एका रेषेंत आणून नेमबाज निशाणाकडे पाहतो. दृष्टि सरळ रेषेंत जाते. गोळी मात्र नळींतून सुटतांच पृथ्वीच्या आकर्षणानें खालीं येऊं लागते, आणि वारा तिला बाजूस लोटतो. म्हणून अंतर वाढेल तशी मागील खांच वर चढवावी लागते, व वाऱ्याप्रमाणें डावीउजवीकडे सरकवावी लागते. हें काम किती सूक्ष्म आहे पहा. नेमांत अंशाच्या साठाव्या भागाचा, म्हणजे एका कलेचा फरक पडला तर १०० वारांवर गोळी सुमारें एक इंच चुकते. १,००० वारांवर तीच साडेदहा इंच चुकते. हल्लीं लांब पल्ल्याच्या बंदुकीवर पुष्कळदां दुर्बीण बसवितात, तरी गणित तेंच.

जुळणी करणारा एकच नेम धरून पांचसात गोळ्या झाडतो. साऱ्या गोळ्या एका ठिकाणीं, पण मध्याच्या डावीकडे लागल्या तर दोष खांचेचा. ती तेवढी सरकविली कीं काम झालें. परंतु हात स्थिर असूनहि गोळ्या चोहोंकडे विखुरल्या तर? मग खांच कितीहि हलवा, सर्व व्यर्थ. कारण दोष बंदुकीच्या पोटांत आहे. व्हिटवर्थ यांनीं आपली बुद्धि वेंचली ती या दुसऱ्या दोषावर.

त्यांचा जन्म ता. २१ डिसेंबर १८०३ रोजीं इंग्लंडांतील स्टॉकपोर्ट गांवीं झाला. वडील शाळामास्तर होते व पुढें ते धर्मोपदेशक झाले. चौदाव्या वर्षीं मुलास डर्बीशायरमधील मामाच्या कापसाच्या गिरणींत धाडण्यांत आलें. पुढें तेथेंच भागीदारी मिळावी, असा घरच्यांचा बेत. जोसेफचें चित्त मात्र सुताच्या भावांत रमेना. कांहीं वर्षांत त्यानें तेथील यंत्रें समजून घेतलीं, आणि तीं किती ओबडधोबड आहेत हें पाहून सुखाची वाट सोडून मँचेस्टर येथें साधा यंत्रकारागीर म्हणून राहिला. वडीलधाऱ्यांची इच्छा मोडणें आम्ही शिक्षक सहसा वाखाणीत नाहीं. येथें मात्र मुलाची पारख खरी होती एवढें कबूल केलें पाहिजे. १८२५ सालीं तो लंडनला हेन्री मॉड्स्ले यांच्या प्रसिद्ध कारखान्यांत लागला, आणि १८३३ सालीं मँचेस्टरला परतून त्यानें स्वतःचा कारखाना काढला.

लंडनमध्यें असतांनाच त्यास अगदीं सपाट पृष्ठभाग कसा करावा याची युक्ति साधली होती. धातूच्या दोनच पट्ट्या एकमेकींशीं जुळविल्या तर एक किंचित् फुगीर व दुसरी तितकीच खोलगट असूनहि त्या चपखल बसतात. पट्ट्या तीन घेतल्या, आणि प्रत्येक पट्टी उरलेल्या दोहोंशीं जुळेपर्यंत त्यांचे उंचवटे खरवडीत गेलें, तर तिन्ही सपाट झाल्यावांचून गत्यंतर नसतें. १८४१ सालीं व्हिटवर्थ यांनीं स्क्रूच्या आट्यांस ५५ अंशांचें एकच प्रमाण सुचविलें. तोंवर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत त्यांनीं इंचाच्या दशलक्षांश भागाचा फरक दाखविणारें मापनयंत्र मांडलें.

पुढें क्रिमियाचें युद्ध पेटलें. सैन्यास एनफील्ड बंदुका त्वरेनें हव्या होत्या, व त्या करणारीं यंत्रें व्हिटवर्थ यांनीं आंखावीं असें सरकारनें सुचविलें. दुसरा कोणी असता तर त्यानें आनंदानें होकार दिला असता. परंतु नळी मुळांत कशी असावी हें कोणासच ठाऊक नसतां यंत्रें कशाचीं करावयाचीं, असा त्यांचा आक्षेप होता. सरकारी खर्चानें मँचेस्टरजवळ त्यांच्या घराच्या आवारांत ५०० वार लांबीची झांकलेली शाळा उभारण्यांत आली. ती वादळानें पाडली, पुन्हा बांधली. आंत वारा नाहीं, ऊन नाहीं. मार्गांत अंतराअंतरावर पातळ कागदाचे पडदे टांगून गोळी कोठून कोठें जाते हें त्यांतील छिद्रांवरून मोजीत. अशा रीतीनें त्यांची षट्कोनी नळीची बंदूक सिद्ध झाली. एनफील्डच्या नळीचा पेंच ७८ इंचांत एक वेढा घेई, हिचा २० इंचांत. त्यामुळें लांबट, सडपातळ गोळी वेगानें फिरत तोल न ढळतां जाई. १८५७ सालच्या तुलनेंत ५०० वारांवर एनफील्डच्या गोळ्या सरासरीनें मध्यापासून सुमारें २७ इंच दूर पडल्या, व्हिटवर्थच्या साडेचार इंच.

इतकें असूनहि सरकारनें ती सैन्यासाठीं स्वीकारली नाहीं. नळी फार अरुंद, ती दारूच्या काजळीनें लौकर भरते, आणि किंमत भारी, असे आक्षेप होते. ते सर्वच खोटे होते असें म्हणवत नाहीं. सामन्यांत मात्र तिचें तेज दिसलें. राणीच्या बक्षिसाच्या पहिल्या सामन्याची शेवटची फेरी, ८०० ते १,००० वारांची, याच बंदुकांनीं झाली व एडवर्ड रॉस हा तरुण विजयी झाला.

दुसरी कथा मनास चटका लावणारी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धांत थोड्याशा व्हिटवर्थ बंदुका दक्षिणेच्या नेमबाजांच्या हातीं आल्या. पूर्वीं मुंबई इलाख्याच्या सैन्यांत असलेले डेव्हिडसन नांवाचे अधिकारी यांच्या पद्धतीची दुर्बीण त्यांपैकीं कांहींच्या डाव्या अंगास बसविलेली असे. ता. ९ मे १८६४ रोजीं स्पॉटसिल्व्हेनिया येथें उत्तरेचे सेनापति जॉन सेजविक, इतक्या दुरून कोणास गोळी लागणें नाहीं असा आपल्या दबकणाऱ्या शिपायांस धीर देत असतांच, डोळ्याखालीं गोळी लागून गतप्राण झाले. ती अशाच एका बंदुकीची होती असें मानतात. निशाणासाठीं जुळविलेला नेम माणसाची ओळख ठेवीत नाहीं.

१८६९ सालीं व्हिटवर्थ यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली. त्यापूर्वींच, १८६८ सालीं, त्यांनीं तरुण कारागिरांसाठीं वर्षाकांठीं १०० पौंडांच्या तीस शिष्यवृत्त्या ठेविल्या. त्यांच्या परीक्षेंत गणित व यंत्रशास्त्र यांच्या जोडीला हत्यारें हातीं घेऊन प्रत्यक्ष काम करून दाखवावें लागे. त्यांस मूलबाळ नव्हतें. ता. २२ जानेवारी १८८७ रोजीं माँटे कार्लो येथें ते वारले, आणि त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग विद्यालयें, रुग्णालयें व मँचेस्टरचें चित्रालय यांच्याकडे गेला.