मातीचे कैवारी महात्मा जोतीराव फुले

पांझरेच्या कांठीं फड बागायतीचे जुने बंधारे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस पाणी अडविण्याचें मोल निराळें सांगावयास नको. आम्ही खानदेशवासी आहों. डोंगरावरचा पाऊस शेतांतील माती घेऊन तापीस मिळतो आणि उन्हाळ्यांत विहिरी कोरड्या पडतात, हें आम्हीं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलें आहे. म्हणूनच ह्या स्मरणिकेंत आम्ही अशा एका पुरुषाचें चरित्र देत आहों, जे खानदेशचे नव्हते, पण ज्यांनीं आमच्या ह्या दुःखाचें मूळ ओळखलें होतें.

जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ सालीं माळी घराण्यांत झाला. त्यांचें मूळ गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण. पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली व १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांचीं सर्वच मतें आपणांस मान्य होतील असें नाहीं. परंतु जमिनीविषयींची त्यांची कळकळ कोणाही सज्जनानें आदरानें आठवावी अशीच होती.

ही कळकळ पुस्तकी नव्हती. मांजरी येथें त्यांची स्वतःची शेती होती, आणि खडकवासला धरणाच्या कामाचा मक्ताही त्यांनीं घेतला होता. १८७६-७७ च्या दुष्काळांत भुकेलेल्या मुलांसाठीं समाजानें धनकवडी येथें अन्नाची सोय केली. तेथें त्यांनीं जें पाहिलें, त्याचा विसर त्यांस पडला नाहीं.

१८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ त्यांनीं पुरा केला. डोंगरावरील पालापाचोळ्याचें सत्त्व वळवाच्या पुराबरोबर ओढ्यांत वाया जातें, हें त्यांनीं त्यांत मांडलें. त्यावर उपायही सांगितला. लष्करांतील व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून जागोजाग तालीवजा बंधारे बांधवावे, म्हणजे पाणी आधीं शेतांत मुरेल व मग नदीनाल्यास मिळेल. दऱ्याखोऱ्यांत तळीं बांधावीं, म्हणजे खालच्या विहिरींस पाणी टिकेल. तलावांतील गाळ शेतकऱ्यांस फुकट नेऊं द्यावा, आणि जंगलखात्यानें घेतलेलीं गायरानें गांवांस परत द्यावीं. जमीन राखणें हा त्यांच्या मतें गरिबाच्या न्यायाचाच प्रश्न होता.

१८८८ सालीं मुंबईच्या जनतेनें त्यांस ‘महात्मा’ ही पदवी अर्पिली. त्याच वर्षीं पक्षाघातानें त्यांचा उजवा हात लुळा पडला. तरी त्यांनीं डाव्या हातानें लेखन चालूं ठेविलें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं त्यांचें देहावसान झालें.

शेतांस बांध घालण्याच्या कामासाठीं मुंबई सरकारनें कायदा केला तो १९४२ सालीं, म्हणजे त्यांच्या मागें अर्धें शतक लोटल्यावर. १९७२ च्या मोठ्या दुष्काळांत तर हजारों हात पाझर तलावांच्या व बांधबंदिस्तीच्या कामास लागले. जें एका माणसानें आधींच पाहिलें होतें, तें पाहण्यास आम्हांस अनेक दुष्काळ सोसावे लागले.

पांझरेच्या फडांत एका गांवाचें पाणी सर्वांनीं मिळून राखिलें व वांटून घेतलें. तीच शिकवण जोतीरावांच्या चरित्रांतूनही मिळते. यंदाच्या पावसाळ्यापूर्वीं आपल्या शेताचा फुटका बांध जो नीट करील, आणि शेजाऱ्याच्या बांधासही हात लावील, त्यानें ह्या थोर पुरुषाचें स्मरण खऱ्या अर्थानें केलें असें आम्ही समजूं.