माधवराव महाराजांची शिकार आणि रायफलीची निवड

लष्करातील आपल्या काही जुन्या घरांत आजही भिंतीवर सांबराची शिंगे किंवा शिकारीचा पिवळा पडलेला फोटो दिसतो. नातवंडे विचारतात, हे कोणी मारले, कशाने मारले आणि का? उत्तर देताना माधवराव महाराजांचा काळ आठवतो. १८७६ ते १९२५ या काळातील हे माधवराव, म्हणजे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेल्या केंद्रीय मंत्री माधवरावांचे आजोबा. त्यांच्या रेल्वेविषयी आणि संगीत विद्यालयाविषयी आपण नेहमी बोलतो. या वेळी आम्ही त्यांच्या आयुष्यातील शिकारीची बाजू सांगणार आहोत.

२० ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. १८८६ मध्ये जयाजीराव महाराज निवर्तले, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. कारभार कौन्सिलकडे गेला आणि १८९४ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. यंत्रांची त्यांना विलक्षण आवड होती. दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे आणि जयविलासातील जेवणाच्या मेजावर धावणारी चांदीची आगगाडी ही तिचीच उदाहरणे. अशा माणसाला बंदुकीचे यंत्रही समजून घ्यावेसे वाटले तर नवल नाही.

त्यांच्या हयातीत बंदूक पूर्णपणे बदलली. त्यांच्या बालपणी काळी दारू आणि शिशाची जड गोळी यांचे राज्य होते. बार झाला की धुराचा ढग उठे आणि जनावर पडले की पळाले, हे क्षणभर कळत नसे. १८९० नंतर धूर न करणारी कॉर्डाइट दारू आली. गोळीचा वेग वाढला, मार्ग सरळ झाला आणि लांबचा नेम साधणे सोपे झाले. पुढे इंग्रज सरकारने ३०३ आणि ४५० बोअरच्या खासगी रायफलींवर बंधने घातली, कारण त्यांची काडतुसे किंवा गोळ्या लष्करी बंदुकांतही वापरता येतील अशी भीती होती. त्यामुळे विलायतेतील कारखानदारांनी ४६५ आणि ४७० बोअरची काडतुसे भारतातील गिऱ्हाइकांपुढे आणली. १९१२ मध्ये ३७५ मॅग्नम आली आणि एकाच रायफलीने अनेक प्रकारची शिकार साधू लागली.

शिवपुरी आणि श्योपूरच्या जंगलात जनावरागणिक गरज वेगळी असे. काळवीट उघड्या माळावर उभे राहते आणि माणसाला जवळ येऊ देत नाही. वजन जेमतेम चाळीस किलो, पण अंतर दीडशे-दोनशे यार्ड. तिथे २७५ सारखी हलकी, सरळ मारा करणारी रायफल योग्य. चितळ झाडीत पन्नास-साठ यार्डांवर दिसते, तिथे लांब पल्ल्यापेक्षा चटकन खांद्याला लागणारी बंदूक महत्त्वाची. सांबराचा मोठा नर अडीचशे किलोंच्या घरात जातो; त्याला हलकी गोळी लागली तर तो जखम घेऊन मैलभर पळतो आणि कुठेतरी नाल्यात तडफडून मरतो. वाघासाठी मात्र जड दुनळी हवी, कारण पहिला बार चुकला तर दुसरा लगेच हाताशी असतो. गोळीचे टोकही पाहावे लागे. मऊ टोकाची गोळी आत फुलते आणि जनावर जागीच पाडते. पूर्ण धातूच्या कवचाची गोळी आरपार जाते आणि हरणासारख्या जनावराला नुसते जखमी करू शकते.

शिकाऱ्याची खरी परीक्षा याच ठिकाणी होती. नेम चुकला तर जनावर वाचते. अर्धवट लागला तर ते हाल सोसते आणि मागे राहिलेल्यांवर संकट येते. संस्थानी शिकारीत पाहुणा मचाणावर किंवा शूटिंग बॉक्समध्ये सुरक्षित असे. हाका घालणारी गावकरी माणसे मात्र पायी असत. जखमी वाघाच्या मागे रक्ताचा माग काढत जाणे, याहून धोक्याचे काम जंगलात नव्हते. माधवराव महाराजांनी वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तक लिहिले. ते १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. हौसेला शिस्त लावणारा, आधी तयारी करणारा माणूस त्यातून दिसतो.

पण शिस्तीलाही मर्यादा होत्या. शिकार हा राजकारणाचा भाग होता. १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, ग्वाल्हेरला आले, तेव्हा त्यांच्यासाठीही वाघाच्या शिकारीची व्यवस्था झाली. पाहुण्याला वाघ मिळालाच पाहिजे, असा तो रिवाज. महाराजांनी आफ्रिकेतून सिंहही आणवले आणि श्योपूरच्या जंगलात उंच भिंतींच्या आवारात ठेवले. बाहेर सोडल्यावर ते गुरांवर आणि माणसांवर तुटून पडले. शेवटी काही पकडावे आणि काही मारावे लागले. त्याची किंमत राजवाड्याने नव्हे, गावांनी मोजली. महाराजांविषयी आदर बाळगूनही हे आम्हाला सांगितलेच पाहिजे असे वाटते.

५ जून 1925 रोजी पॅरिसमध्ये महाराजांचा अंत झाला. वडील गेले तेव्हा ते स्वतः नऊ वर्षांचे होते. आता जीवाजीराव महाराजांना नऊ पूर्ण व्हायला तीन आठवडे होते. शिवपुरीत मातोश्री सख्याराजे यांच्या छत्रीसमोर माधवराव महाराजांची छत्री आहे. जवळच सख्यासागर आहे आणि त्याच्याभोवतीचे जुने शिकारीचे जंगल आज माधव राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते.

त्या जंगलातून वाघ नाहीसा झाला होता. २०२३ मध्ये बाहेरून वाघ आणून तिथे सोडले गेले आणि २०२५ मध्ये उद्यानाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर चितळ, सांबर किंवा काळवीट, कशाचीच हौसेने शिकार करता येत नाही. ज्या घरांत वडिलोपार्जित बंदूक आहे, त्यांनी तिचा परवाना वेळेवर नूतनीकरण करून घ्यावा. शिंगे आणि कातडी यांनाही कायदा लागू आहे, त्यांचे कागद तपासून ठेवावेत.

आणि नातवंडांनी विचारले तर उत्तर टाळू नये. कोणती रायफल, कोणते काडतूस, किती अंतर, हे सगळे सांगावे. त्यासोबत हाका घालणाऱ्या माणसांची आणि रिकाम्या झालेल्या जंगलाची गोष्टही सांगावी. पुढच्या सुटीत त्यांना शिवपुरीला न्यावे. आधी छत्री दाखवावी, मग जंगल.