वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हणणारा हाजी

1853 च्या जुलै महिन्यात हिजाझच्या किनाऱ्यावरील यानबू बंदरात सुएझहून आलेले यात्रेकरूंचे एक गलबत लागले. उतरणाऱ्यांत एक लंगडणारा पठाण वैद्य होता. वाटेत समुद्री प्राण्याचा काटा लागून त्याचा पाय सुजला होता. सोबती त्याला अब्दुल्ला म्हणत. तो प्रत्यक्षात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील 32 वर्षांचा अधिकारी, रिचर्ड फ्रान्सिस बर्टन होता. मक्केत मुस्लिमेतरांना प्रवेश नव्हता आणि वेश उघड झाला असता तर प्राणावर बेतले असते.

हे सोंग भारताच्या बळावर उभे होते. 1821 साली टॉर्की येथे जन्मलेला बर्टन ऑक्सफर्डमधून काढून टाकला गेला आणि 1842 च्या ऑक्टोबरात मुंबईत उतरला. बडोद्याची छावणी, मग सिंध, आजारपणाची रजा घेऊन गोवा आणि निलगिरी असा त्याचा सात वर्षांचा हिंदुस्थान. या काळात त्याने हिंदुस्तानी, गुजराती, सिंधी यांबरोबर मराठीचीही सरकारी परीक्षा उत्तीर्ण केली. प्रारंभी त्याने इराण्याचा वेश घेतला होता. परंतु सुन्नी यात्रेकरूंत शिया इराण्याला मान मिळत नाही हे जाणवताच तो हिंदुस्थानात जन्मलेला, रंगूनमध्ये शिकलेला पठाण झाला. अरबी उच्चारात काही चुकले तर त्याचे खापर रंगूनवर फोडता येई. आखातातल्या कचेऱ्यांत आपले उच्चार सांभाळणाऱ्यांना ही युक्ती परकी वाटणार नाही.

सुएझमध्ये त्याच्या सामानात सेक्स्टंट हे वेधयंत्र दिसले तेव्हा मक्केच्या मुहम्मद या तरुणाने, हा काफिर आहे, असे थेट म्हटले. इतर सोबत्यांनी त्यालाच गप्प केले. बर्टनने ते यंत्र मागे टाकले. 25 जुलैला तो मदिनेत पोहोचला. 31 ऑगस्टला दमास्कसच्या तांड्याबरोबर निघून रात्री-अपरात्री वाळवंट तुडवत 11 सप्टेंबरला मक्केत आला. असे करणारा तो पहिला युरोपीय नव्हे. वार्थेमा आणि बर्कहार्ट त्याच्या आधी जाऊन आले होते. परंतु त्याच्या ग्रंथाने ते दोघे झाकोळले गेले.

त्या यात्रेबरोबर एक काळी कथा मात्र त्याला चिकटली. धर्माचाराच्या एका बारीकशा चुकीवरून एका अरब मुलाला संशय आला आणि बर्टनने त्याला ठार केले, असे लोक बोलत. चरित्रकारांना याचा पुरावा सापडलेला नाही, आणि बर्टननेही ती कथा नाकारली होती. तरीही जेवणाच्या टेबलाशी श्रोत्यांना दचकवण्यासाठी तो कधीकधी ती स्वतःच्या नावावर घेई. हा त्याच्या स्वभावातील सर्वांत न आवडणारा भाग.

असा एक श्रोता होता ब्रॅम स्टोकर, नट हेन्री अर्व्हिंगच्या नाटकगृहाचा व्यवस्थापक. दोघांची भेट 1878 साली झाली. पुढे अर्व्हिंगच्या आठवणी लिहिताना स्टोकरने ही मुलाची हकीगत दिली. ती सांगताना बर्टनचा वरचा ओठ उचलला गेला आणि एक सुळा खंजिराच्या पात्यासारखा चमकला, असे त्याने नोंदवले आहे. 1897 साली त्याच स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाली. तो सुळा थेट सरदार ड्रॅक्युलाच्या तोंडात बसला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण अभ्यासकांची नजर तेथे वारंवार जाते, आणि ते गैर नाही.

भेटीच्या आठ वर्षे आधी, 1870 मध्ये, बर्टनने ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ प्रकाशित केले होते. आपल्या वेताळपंचविशीतील पंचवीस कथांपैकी त्याने अकरा घेतल्या आणि त्यांत स्वतःच्या पदरची बरीच भर घातली. त्याचा वेताळ वटवाघळासारखा झाडाला उलटा लटकतो. इंग्रजी वाचकाला पोलिडोरीच्या 1819 मधील कथेपासून रक्तपिपासू उमरावाची ओळख होती. त्या ओळखीच्या शब्दाखाली वेताळ बाजारात आला.

पण वेताळ रक्त पीत नाही. सोमदेवाच्या कथासरित्सागरात तो प्रेतात शिरतो आणि राजाच्या खांद्यावर बसून न्यायाचे प्रश्न विचारतो. अखेरीस तो कपटी योग्यापासून राजाचे प्राणही वाचवतो. सोमदेव ज्या बृहत्कथेचे ऋण मान्य करतो तिचा कर्ता गुणाढ्य, परंपरेनुसार, पैठणच्या सातवाहन दरबारातला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी ‘वेताळपंचविशी’ 1830 ची, म्हणजे बर्टन मुंबईत उतरण्यापूर्वीची. कोकणात आणि गोव्यात तर वेताळ गावाची राखण करणारा देव आहे. आरवलीच्या वेतोबाला भाविक केळी आणि चामड्याच्या प्रचंड वहाणा वाहतात, कारण रात्री गावभर फिरून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. बर्टनने गोव्यावर अख्खे पुस्तक लिहिले होते, त्याला मराठी येत होते. त्याने हा शब्द अज्ञानातून निवडला असे मानणे कठीण आहे. पुस्तक खपावे हा हेतू अधिक संभवतो.

अरबी भुतांचेही असेच झाले. अरबांचा गूल म्हणजे रूप पालटून वाटसरूला वाळवंटात भरकटवणारी शक्ती. एका तेजोमान बदलणाऱ्या ताऱ्याचे अलगोल हे नावही ‘गुलाचे डोके’ या अरबी शब्दांवरून आले. बेकफर्डच्या 1786 मधील ‘वाथेक’ या गॉथिक कादंबरीतून गूल इंग्रजीत स्थिरावला, तो थडगी उकरून प्रेते खाणारा होऊन. बर्टनने पुढे 1885 पासून ‘अरेबियन नाइट्स’चे खंड काढले, तेव्हा इंग्रजी वाचकाच्या मनातले गुलाचे चित्र केव्हाच पक्के झाले होते.

अरबस्तानात तो आणखी एकदा परतला. 1877-78 मध्ये इजिप्तच्या खेदिवासाठी त्याने आजच्या सौदीच्या वायव्येकडील मिद्यान प्रदेशात सोन्याचा शोध घेतला. यावेळी वेशांतराची गरज नव्हती. सोने मात्र हाती लागले नाही.

1890 च्या मार्चमध्ये स्टोकरने ‘ड्रॅक्युला’ची पहिली टिपणे काढली. त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला ट्रिएस्ट येथे, ब्रिटिश वकिलातीत काम करत असतानाच, बर्टन मरण पावला. पत्नी इसाबेलने त्याची काही हस्तलिखिते जाळली, पण 1893 मध्ये विक्रम-वेताळाची नवी आवृत्ती काढली. तिच्या शीर्षकात ‘व्हॅम्पायर’ तसाच राहिला. लंडनजवळ मॉर्टलेक येथे त्याची कबर आहे. ती दगडी असली तरी घडण अरबी तंबूची आहे आणि आत उंटांच्या घंटा टांगल्या आहेत.